खांबाजवळचं स्टूल

३ मार्च, सोमवार

ही डायरी खुर्चीच्या कंपनीने वाटली. फुकट मिळाली म्हणून लिहितोय, नाहीतर मला असले नाद नाहीत. कव्हरवर खुर्चीचं चित्र आणि प्रत्येक पानाच्या तळाला एक उपदेश छापलाय. आजचा उपदेश: लिहिताना पाठ टेकवा. मी पलंगावर पालथा पडून लिहितोय. पाठीला काही झालेलं नाही, असंच बरं वाटतं.

आज धाकट्या मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. ज्या कंपनीच्या खुर्च्यांच्या गाद्या आपण शिवतो, तिची एक बाई वीस तारखेला आपला हॉल तपासायला येणार. गाद्या नाही तपासणार, माणसं तपासणार. कोण कसं बसतं, कसं वाकतं, कसं उचलतं. याला एर्गोनॉमिक्स म्हणतात म्हणे. मी विचारलं, गाद्यांत काही खोट निघाली का. मालक म्हणाले, नाही काका, पण ते लोक पाठीला आराम देणाऱ्या खुर्च्या विकतात, तर त्यांना बघायचंय की गाद्या शिवणाऱ्यांच्या पाठी कशा आहेत. म्हटलं, जिथे असायला पाहिजेत तिथेच आहेत. मालक हसले नाहीत.

मग म्हणाले, रिपोर्ट वाईट आला तर ऑर्डर जाईल, आणि ऑर्डर गेली तर शिलाईचा हॉल चालवण्यात अर्थ नाही. पेपरवेट फिरवत म्हणाले, तुम्हाला झेपेल ना हे, काका? नाहीतर मी एखादा तरुण मॅनेजर बघतो. तुम्ही आता आराम केलात तरी कुणी काही म्हणणार नाही.

आराम. त्यांच्या वडिलांच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नाही. त्यांनी मला झाडूवाला म्हणून घेतलं आणि मॅनेजर करून गेले, मधे बसायला कधी सांगितलं नाही.

म्हटलं, झेपतं. उठताना डाव्या पायाला मुंग्या आल्या होत्या म्हणून टेबलाची कड जरा धरली. त्या केबिनमधल्या खुर्च्या फार मऊ. पाय झोपतो.

ठरवलं: वीस तारखेला हॉल असा दाखवायचा की बाईने तोंडात बोट घातलं पाहिजे. आणि तरुण मॅनेजरचा विषय कायमचा बंद.

४ मार्च, मंगळवार

सकाळी हॉलभर फिरलो. नीट वाकून, मशिनींच्या खाली डोकं घालून बघितलं. (परत वर यायला वेळ लागला. बघण्यासारखं फार होतं.)

काय गबाळ साठवलंय लोकांनी. बुडाखाली फोमचे तुकडे. पायाखाली फळकुट. एकीने मशिनीच्या पेडलजवळ वीट ठेवलीय, दुसरा पाय टेकायला. शिलाईवाल्या मावशीने कापडाची उशी करून स्टूलावर सुतळीने बांधलीय. मावशी म्हणजे शिलाईतली सगळ्यांत जुनी. वयाने माझ्याहून लहान, पण अख्खा हॉल मावशी म्हणतो म्हणून मीही म्हणतो. तिच्यासारखी कोपऱ्याची शिलाई कुणाची बसत नाही, त्यामुळे तिला वाटतं हॉल तिचाच.

सगळं उचलायला लावलं. बाईला स्वच्छ हॉल दिसला पाहिजे. मावशी म्हणाली, साहेब, गाद्या शिवतो आम्ही, आणि बसायचं मात्र लाकडावर. मी म्हटलं, गादी विकायची असते. हलवाई काय मिठाईवर बसतो का. दोघीतिघी हसल्या. मावशी नाही हसली.

हॉलच्या मधल्या खांबाजवळ एक स्टूल सापडलं. कुणाचं, विचारलं. सगळे आपापल्या कामात. काम करताना खांबाजवळ स्टूलाचं काय काम? तिथून मी देखरेख करतो. दुपारी मी खांबाला हात लावून जरा उभा राहतो, तिथून दोन्ही रांगा दिसतात. कुणीतरी माझी पाठ वळली की बसून घेत असणार. स्टूल मागच्या अंगणात टाकायला लावलं.

खांबावर खडूची एक आडवी रेघही दिसली, गुडघ्याच्या जरा खाली. पोरखेळ. पुसायला लावली.

५ मार्च, बुधवार

प्रॉडक्शन घसरलं. शिलाई वाकडी जातेय. काल गबाळ काढलं आणि आजच वाकडी शिलाई, याचा अर्थ मुद्दाम करतायत.

पॅकिंगचा शिडी (उंच आहे म्हणून सगळे शिडी म्हणतात) म्हणाला, साहेब, टेबल बुटकं आहे, दिवसभर वाकून मान धरते. मी त्याला पाय फाकून उभं राहायला शिकवलं. पाय फाकले की माणूस बुटका होतो. साधी गोष्ट. त्याला अजून कुणी सांगितली नव्हती.

खांबाजवळ स्टूल परत. तेच. स्वतः उचलून अंगणात नेलं. वजनाने काहीच नाही, पण दाराच्या उंबऱ्यापाशी थांबून जरा बाहेरची हवा खाल्ली. बरीच खाल्ली. शिडी धावत आला, म्हणाला, द्या इकडे. म्हटलं, मला काय म्हातारा समजतोस? स्टूल मात्र त्याने नेलं.

७ मार्च, शुक्रवार

कंपनीकडून खुर्च्या आल्या. शिलाईवाल्यांसाठी. नमुना म्हणून वापरा, बाई येतील तेव्हा कशा वाटतात विचारतील, असा निरोप. उंच करता येतात, बुटक्या करता येतात, पाठीला फुगवटा, हाताला दांडे. सगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत. त्यांच्या गाद्या आपल्याच हॉलच्या, मी शिलाई ओळखली. कोपरा मावशीचा.

लोक गोळा झाले. एकजण प्लास्टिक फाडायलाच निघाला. वेळेवर पोचलो. सांगितलं, वीस तारखेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. आत्ताच बसलात तर बाई येईपर्यंत मळतील, गाद्या दबतील, आणि आपल्यालाच ऐकून घ्यावं लागेल. सगळ्या खुर्च्या स्टोअरमध्ये बंद केल्या. किल्ली माझ्या खिशात.

मावशीने विचारलं, मग बाईंना कशा वाटतात ते काय सांगायचं? म्हटलं, छान वाटतात सांगायचं. नवीन वस्तू छानच वाटते.

मालकांना फोन करून कळवलं की खुर्च्या अगदी सुरक्षित आहेत. ते म्हणाले, बरं. आणि तुमची तब्येत? त्यांना एकच विषय दिसतो.

८ मार्च, शनिवार, दुपारी

स्टूल परत आलंय.

आज ठरवलं, पुरावा मिळवायचा. सगळे जेवायला गेले तेव्हा मी एकटा हॉलमध्ये थांबलो आणि स्टूल तपासलं. बसून तपासलं, कारण वस्तू वापरल्याशिवाय कळत नाही. पाय दोन्ही सपाट जमिनीवर टेकतात. पाठ खांबाला बरोबर लागते. मुंग्या थांबतात. म्हणजे ज्याने आणलंय त्याला आरामाची चांगलीच चटक आहे.

एक गोष्ट लक्षात आली. हे स्टूल मंगळवारी याहून उंच होतं असं वाटतं. लाकूड आकसलं असेल. अंगणात उन्हात टाकलं होतं.

तपासणीत बराच वेळ गेला. लोक परत यायला लागले तेव्हा उठलो. कुणी बघितलं नाही. मावशी दारात उभी होती, पण ती बाहेर बघत होती.

१० मार्च, सोमवार

रंगीत तालीम घेतली. मी बाई झालो. हातात टेप घेऊन एकेकासमोर उभा राहिलो आणि विचारलं, तुमचं काय दुखतं? उत्तर पाठ करून दिलंय: काही नाही, मॅडम, इथे सगळं सोयीचं आहे.

पहिल्या रांगेने बरं म्हटलं. कापणीवाला मास्तर म्हणाला, काही नाही, मॅडम, इथे सगळं सवयीचं आहे. दुरुस्त केलं. शिडी मधेच थांबला, म्हणाला, साहेब, त्यांनी विचारलं मान वाकडी का, तर? म्हटलं, जन्मापासून आहे सांग. मग मावशीकडे गेलो. विचारलं, काय दुखतं? म्हणाली, कुणाचं सांगू, माझं की तुमचं?

हॉलमधल्या मशिनी थांबल्या.

मी म्हटलं, बाईसाहेब माझी तपासणी करायला येत नाहीत. मावशी म्हणाली, तेच तर.

तालीम तिथेच संपवली. वेळ झाली होती.

१२ मार्च, बुधवार

आज मावशीच्या हातून कात्री पडली. अंगठा बधिर होतो म्हणे. मी म्हटलं, घट्ट धरत जा. तिने कात्री उचलली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, साहेब, वीस तारखेला ती बाई आली ना, की मी तिला सगळं सांगणार आहे. तालमीतलं नाही. खरं.

विचारलं, काय सगळं?

म्हणाली, तुम्हाला माहितीय.

हा सरळ सरळ गळ्याला फास आहे. तिने तोंड उघडलं की गबाळ काढलं ते निघेल, खुर्च्या कोंडल्या ते निघेल, रिपोर्ट वाईट येईल, हॉल बंद, आणि मालक तरुण माणूस आणतील. मी या बाईला दहा मशिनींमधून चांगली मशीन दिली. आणि ही माझा काटा काढते.

दुपारी देखरेख लवकर सुरू केली. खांब थंड असतो, पाठीला लावला की डोकं चालतं.

१४ मार्च, शुक्रवार

उपाय सापडला. मावशीला वीस तारखेची सुट्टी देऊन टाकायची. भरपगारी. तिला बोलावून सांगितलं, मुलीकडे जाऊन ये, किती दिवसांत गेली नाहीस. म्हणाली, मुलगीच येणार आहे माझ्याकडे, रविवारी. म्हटलं, मग गुरुवारी विश्रांती घे. म्हणाली, विश्रांती घ्यायची गरज मला आहे का, साहेब?

शिडीने हे ऐकलं आणि मान फिरवली. मानेचं दुखणं असलेल्या माणसाच्या मानाने चटकन फिरवली.

काही असो. मावशी वीस तारखेला येणार.

स्टूल परत होतंच. आज त्याला लाथ मारली. उजव्या पायाने. डावा जमिनीवर ठेवावा लागतो, तो जरा मागे पडतो अलीकडे. बूट घट्ट झालेत.

१५ मार्च, शनिवार

घरी हिने सकाळी पकडलं. मी पलंगावर बसून डावा मोजा घालत होतो आणि मोजा पायापर्यंत पोचत नव्हता. ही दारात उभी. किती वेळ उभी होती कोण जाणे. खाली बसली, मोजा घातला, बुटाची नाडी बांधली आणि मग म्हणाली, कधीपासून?

म्हटलं, मोजे धुऊन आटलेत.

म्हणाली, डॉक्टरकडे जाऊ. म्हटलं, वीस तारखेनंतर. म्हणाली, त्या वीस तारखेला काय तुमचं लग्न आहे? मी सांगितलं तिला, आता डॉक्टरकडे गेलो आणि मालकांना कळलं तर मी घरी. ती म्हणाली, घरी काय वाघ बसलाय?

वाघ नाही. पण मी घरी बसून काय करणार ते तिने सांगितलं नाही.

सोमवारपासून चपला घालणार. हवेशीर असतात.

१७ मार्च, सोमवार

मालक हॉलमध्ये येऊन गेले. मी बरोबर चाललो, त्यांच्या चालीने. त्यांची चाल कारण नसताना भरभर आहे. मधेच वळून म्हणाले, काका, चपला? म्हटलं, डॉक्टर म्हणतात पायाला हवा लागली पाहिजे. कोणते डॉक्टर, विचारलं. म्हटलं, पेपरातले.

मालकांनी हॉलकडे बघून म्हटलं, स्वच्छ दिसतोय, पण लोक अवघडल्यासारखे का बसलेत? म्हटलं, शिस्तीत बसलेत.

एकूण चांगली भेट झाली.

१९ मार्च, बुधवार

उद्या.

सगळं तयार. फरशी धुतली. स्टूल या वेळी अंगणात नाही, स्टोअरमध्ये कोंडलं, खुर्च्यांच्या मागे. किल्ली खिशात. उद्या मी खांबाजवळ उभा राहणार, सरळ, हात मागे.

संध्याकाळी निघताना मावशीपाशी थांबलो. मला बोलायचं नव्हतं, तिच्या मशिनीजवळून वाट आहे. म्हटलं, मावशी, इतकी वर्षं एका हॉलमध्ये काढली आपण. ती कापड घडी करत होती. म्हणाली, हो ना, म्हणून तर. मी विचारलं, म्हणून तर काय? म्हणाली, उद्या बघा.

जेवण गेलं नाही. हिने गरम पाण्याची पिशवी दिली. घेतली, कारण तिने भरून ठेवली होती, पाणी वाया गेलं असतं.

२० मार्च, गुरुवार, सकाळी, हॉलमध्ये

स्टोअर उघडलं. खुर्च्या लावल्या. प्लास्टिक काढायचं की नाही यावर जरा विचार केला आणि ठेवलं. नवीन आहे हे बाईला दिसलं पाहिजे, आणि रिपोर्ट चांगला आला तर तशाच परत स्टोअरमध्ये ठेवता येतील.

अडचण: हाताचे दांडे मशिनीच्या टेबलाखाली जात नाहीत. त्यामुळे सगळे टेबलापासून लांब बसलेत आणि हात लांब करून शिवतायत. लांबून चांगलं दिसतं. प्लास्टिकवरून घसरतात मात्र. धरून बसा, सांगितलं. कशाने धरू, मावशीने विचारलं, हात कापडावर आहेत.

मी खुर्च्या लावत होतो तेवढ्यात शिडीने स्टोअरमधून स्टूल काढून खांबाजवळ नेऊन ठेवलं. ओरडणार होतो, पण गाडी आली.

२० मार्च, संध्याकाळी, घरी

हे पडून लिहितोय. आज पडायचं कारण आहे.

बाई तरुण निघाली. साधे बूट, गळ्यात टेप, खांद्याला लहान कॅमेरा. मी म्हटलं, चहा घ्या. म्हणाली, नंतर. आणि सरळ फरशीवर उकिडवी बसून लोकांचे पाय बघायला लागली. माझ्या तालमीत पाय नव्हते.

मग उठली आणि पहिल्या खुर्चीला हात लावून विचारलं, कधीपासून वापरताय? शिलाईवालीने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, काही नाही मॅडम, सगळं सोयीचं आहे. बाई म्हणाली, ते नाही, कधीपासून? तिकडून शिडीने सांगितलं, आज सकाळपासून. बाईने मला विचारलं, मग या कुणासाठी आणल्या? मी म्हटलं, तुमच्यासाठीच. मालक मागे उभे होते. त्यांनी डोळे मिटले.

बाई एकेकाशी बोलत पुढे गेली. मी बरोबर चालत होतो, उत्तरं नीट येतायत ना बघायला. मधेच ती वळली आणि गोड आवाजात म्हणाली, आपण जरा तिथे खांबाजवळ थांबाल का? मला यांच्याशी एकेक करून बोलायचंय.

खांबाजवळ थांबलो. सरळ, हात मागे, स्टूलाकडे न बघता. ती मावशीजवळ गेली. मशिनी चालू, एक शब्द ऐकू येत नव्हता. मावशीचं तोंड चाललं होतं. बाई ऐकत होती. मालकही वाकून ऐकत होते. मावशीने स्वतःचा अंगठा दाखवला, शिडीचं टेबल दाखवलं, कोपऱ्यात ढीग केलेली फळकुटं आणि उश्या दाखवल्या. आणि मग हात लांब करून माझ्याकडे बोट दाखवलं. तिघांनी वळून माझ्याकडे बघितलं.

डावा पाय केव्हाच गेला होता. जमिनीवर आहे की नाही तेही कळत नव्हतं. वाटलं, संपलं. आता काहीतरी करून दाखवलंच पाहिजे. शेजारी कापडाचा तागा उभा होता, जाडा, गादीच्या कापडाचा. असे तागे मी खांद्यावर टाकून पळायचो. म्हटलं, बघा म्हणावं, बाई, उचलायचं कसं. मोठ्याने म्हटलं, मॅडम, इकडे बघा, याला काही शास्त्र लागत नाही. आणि उचलला.

तागा वर आला. मी नाही आलो.

मी पडलो असं कुणी म्हणू नये. मी खाली जात होतो एवढंच, आणि शिडी कुठून तरी तीन ढांगांत आला, एका हाताने तागा धरला आणि पायाने स्टूल सरकवलं. मी स्टूलावर बसलो. अगदी बरोबर बसलो. पाय सपाट, पाठ खांबाला. सगळ्या मशिनी बंद.

बाई धावत आली. माझा चेहरा बघितला, पाणी मागवलं, ह्या पायात जाणीव आहे का विचारलं. म्हटलं, चपला नवीन आहेत. मग ती माझ्या गुडघ्याकडे बघायला लागली. टेप काढला. गुडघ्यापासून जमीन, स्टूलापासून जमीन. परत मोजलं. विचारलं, हे स्टूल कुणाचं?

मी म्हटलं, मीसुद्धा याच माणसाच्या शोधात आहे.

बाईने मला खुर्चीवर हलवलं (प्लास्टिकवरून दोनदा घसरलो) आणि शिडीला स्टूलावर बसवलं. त्याचे गुडघे हनुवटीला. मास्तरला बसवलं, तो तिरका. मावशीला बसवलं, तिच्या टाचा टेकेनात. बाई म्हणाली, या हॉलमध्ये एवढी एकच वस्तू माणसाच्या मापाने केलेली आहे, आणि ती बसते फक्त मॅनेजरसाहेबांना. कुणी माप घेतलं?

मावशी म्हणाली, मॅडम, आम्ही शिलाईवाले. साहेब दुपारी खांबाला टेकले की त्यांचा पाय उचलत नाही. बसा म्हटलं तर अंगावर येतात. म्हणून ते उभे असताना मागून खांबावर खडूने खूण केली, गुडघ्याच्या मागची. मास्तरने त्या मापाने स्टूलाचे पाय कापले. साहेब रोज ते बाहेर फेकतात आणि आम्ही रोज आत आणतो. फेकायच्या आधी सगळे जेवायला गेलो की बसतात त्याच्यावर. आम्ही मुद्दाम उशीर करून येतो.

मग बाईला म्हणाली, आमची टेबलं नंतर बघा. आधी यांना बघा. हे पडले तर आम्हाला ओरडणार कोण.

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. मी छताकडे बघत होतो. पंख्यावर जाळं राहिलंय, साफ करणाऱ्याला सांगायला हवं.

२१ मार्च, शुक्रवार

डॉक्टरकडे नेलं. ही एका बाजूला, शिडी दुसऱ्या बाजूला. मणक्यातली गादी सरकलीय आणि पायाची शीर दाबतेय म्हणे. मी डॉक्टरला सांगितलं, गाद्यांचं मला कळतं, सरकलेली गादी दोन टाके घालून बसते. तो म्हणाला, टाके नकोत, पण उचलणं बंद, उभं राहणं बंद, महिनाभर तरी. नंतर बघू. हिने सगळं दोनदा विचारून घेतलं.

संध्याकाळी मालक घरी आले, बाईचा रिपोर्ट घेऊन. वाचून दाखवला. ऑर्डर राहिली. अटी आहेत: टेबलं ज्याच्या त्याच्या उंचीला, तागे न्यायला हातगाडी, खुर्च्यांचे दांडे काढायचे आणि प्लास्टिक फाडायचं. काढलेल्या उश्या आणि फळकुटं आजच्या आज परत द्यायची, कारण लोकांनी स्वतःची सोय माझ्या आणि कंपनीच्या आधी शोधली होती, असं तिने लिहिलंय. शेवटी एक ओळ: हॉलमध्ये सर्वांत जास्त धोका कुणाला. मॅनेजर.

विचारलं, तरुण माणूस कधी येतोय? मालक म्हणाले, कुणी येत नाही. तुम्ही बरे होईपर्यंत हॉल मावशी बघेल. मी म्हटलं, तिला रजिस्टर भरता येत नाही. मालक म्हणाले, काका, तुम्हाला तरी कुठे येतं, ते ती आणि मास्तरच भरतात, बाबांच्या काळापासून.

हे मला माहीत होतं. मी त्यांना विसरू देत होतो.

एकंदरीत, वीस तारखेपर्यंत हॉल तयार करायचा असं ठरवलं होतं. ऑर्डर राहिली. तेव्हा ठरवलेलं पार पडलं असं धरायला हरकत नाही.

२४ मार्च, सोमवार

घरी. ही म्हणते पडून राहा. पडून राहिलो. छत बघून झालं.

दुपारी हॉलला फोन केला. मावशीने घेतला. विचारलं, प्रॉडक्शन कसं आहे? म्हणाली, वर आहे. विचारलं, किती? म्हणाली, साहेब, पाय कसा आहे ते आधी सांगा. मागे मशिनी चालल्या होत्या, एकसारख्या. मी नसताना इतक्या एकसारख्या चालायला नको होत्या. सांगितलं, पाय उत्तम आहे, परवा येतो. ती म्हणाली, या ना, पण आल्यावर बसावं लागेल, आता हॉलमध्ये नियम आहे. फोन ठेवला.

तासाभराने शिडी आला. खांद्यावर स्टूल. म्हणाला, मावशीने पाठवलंय, तिकडे खांबाजवळ दुसरं केलंय, हे घरी असू द्या. वर गादी बसवलीय, आपल्याच कापडाची. चारही कोपरे मावशीच्या शिलाईचे. इतकी वर्षं गाद्या शिवून घेतल्या, माझ्या नावची ही पहिली.

मी म्हटलं, घरात असलं गबाळ नको. त्याने मुकाट्याने दाराबाहेर ठेवलं आणि गेला. जाताना मान सरळ होती. टेबल उंच केलं असणार.

स्टूल अजून बाहेरच आहे. आत आणू दिलेलं नाही. इथे बाहेर उजेड चांगला आहे, म्हणून डायरी घेऊन आलो. हे पान भरेपर्यंतच बसणार. ही खिडकीतून बघतेय असं वाटलं, पण ती बाहेर बघतेय.